चाळिशीनंतर वजन, व्यायाम आणि न होणारं मन: एकेक पायरी करत कसं जमवायचं

व्यायाम सुरू करून महिन्याभरात सोडून देणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांशी बोलून बघा, गोष्ट थोड्याफार फरकाने एकच निघते. मोठ्या उत्साहात चालायला सुरुवात केली, रोज घाम गाळला, तीन आठवड्यांनी वजनकाट्यावर उभे राहिले आणि काटा जागचा हललाच नाही, उलट कधी कधी अर्धा किलो वरच, मग "आता ह्या वयात काही होत नाही बाबा" म्हणून बूट परत कपाटात आणि पहिले पाढे पंचावन्न. ह्याला सगळे आळस म्हणतात, मोटिव्हेशन कमी पडलं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. जो माणूस तीन आठवडे रोज उठून चालला तो आळशी कसा असेल? त्याने केलेल्या कष्टाचं फळ भलत्याच ठिकाणी शोधलं एवढंच.

जरा हिशोब करून बघू. ७० किलो वजनाचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी झपझप चालला तर साधारण १२० ते १५० कॅलरी जळतात. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. म्हणजे खाण्यात काहीच बदल न करता नुसतं चालून एक किलो उतरायला जवळपास दोन महिने, ते सुद्धा चालून आल्यावर भूक लागली म्हणून दोन घास जास्त गेले नाहीत तर. आणि इकडे पाणी, मीठ, पोट साफ झालं की नाही ह्यावरून वजन एकाच दिवसात एक-दीड किलो इकडे-तिकडे होत असतं, बायकांचं पाळीच्या आधी कधी कधी त्याहून जास्त. मग तीन आठवड्यांतली ती तीन-साडेतीनशे ग्रॅमची घट काट्यावर दिसणार तरी कशी?

म्हणून वजन हे एक खातं आणि व्यायाम हे दुसरं खातं, दोन्हीचा जमाखर्च वेगळा ठेवायचा, बाकी सगळं ह्या लेखात ह्याच एका गोष्टीभोवती आहे. वजन मुख्यतः खाण्यावर उतरतं. व्यायामाचा परतावा झोप, मूड, जिना, शुगर, बीपी, ताकद ह्यात मिळतो, आणि त्यातलं काही तर पहिल्या आठवड्यातच जाणवतं. मन धरून ठेवायला हे लवकर येणारं लागतं. सहा महिन्यांनी येणाऱ्या गोष्टीसाठी पहाटेचं पांघरूण कोणी सोडत नाही.

पायरी १: वयाला किती दोष द्यायचा ते ठरवून टाका

"तिशी ओलांडली की मेटाबॉलिझम मंदावतो" हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर शंका घ्यायचं कोणाला सुचतच नाही. २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास 'सायन्स' ह्या जर्नलमध्ये आला, त्यात ८ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत सहा हजारांहून जास्त लोकांची माहिती होती, आणि त्यात दिसलं असं की शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण जमेस धरलं तर २० ते ६० ह्या वयात शरीराचा कॅलरी-खर्च जवळजवळ तसाच राहतो. खरी उतरण साठीनंतर, ती सुद्धा वर्षाला साधारण ०.७ टक्के. म्हणजे पंचेचाळिशीत "माझा मेटाबॉलिझमच गेला" हे कारण फारसं टिकत नाही.

मग वाढतं कशानं? एक म्हणजे स्नायू. वापरले नाहीत तर तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, आणि काट्यावर ते कळत नाही कारण त्यांची जागा चरबी घेते. दुसरं म्हणजे बसणं: ह्या वयात जबाबदारी वाढते, पद वाढतं, आणि पद वाढलं की खुर्चीतला वेळही वाढतो. तिसरं, झोप कमी आणि ताण जास्त. आणि बायकांच्या बाबतीत पाळी जायच्या आधीची काही वर्षं आणि नंतरचा काळ, तेव्हा इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं आणि चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटाभोवती जमायला लागते, झोप मोडते, अंगातून गरम वाफा येतात, सांधे दुखतात. हे सगळं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत, आणि घरात कोणी "तुझं आपलं काहीतरीच" म्हणत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

ह्यातली चांगली बातमी अशी की बहुतेक गोष्टींवर आपला थोडा तरी हात चालतो. हार्मोन्सवर कमी, बसण्यावर आणि स्नायूंवर भरपूर.

पायरी २: सुरुवातीचे आकडे घ्या आणि डॉक्टरला एकदा भेटा

आधीपासून बीपी, शुगर, हार्टचा त्रास असेल, किंवा चढ चढताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल, थोड्याशा श्रमाने दम लागत असेल तर आधी डॉक्टर, मग बूट. बाकीच्यांनीही बरीच वर्षं तपासणी केली नसेल तर बीपी, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी), कोलेस्टेरॉल, थायरॉइड, हिमोग्लोबिन एवढं तरी बघून घ्यावं. थायरॉइड कमी असेल किंवा हिमोग्लोबिन खाली असेल तर माणूस महिनोन्महिने स्वतःला आळशी म्हणून कोसत बसतो आणि खरं कारण रक्तात असतं. डॉक्टरला अजून एक विचारा, चालू गोळ्यांपैकी कशाने वजन वाढतं का. स्टेरॉइड, इन्सुलिन, शुगरच्या काही गोळ्या, डिप्रेशनवरची काही औषधं, बीपीवरचे काही बीटा ब्लॉकर ह्यांनी वाढू शकतं. स्वतःच्या मनाने बंद मात्र काहीही करायचं नाही, आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवायच्या आधी डोसबद्दल बोलून घ्यायचं, नाहीतर शुगर एकदम खाली यायची.

मग घरी तीन गोष्टी मोजा आणि लिहून ठेवा. एक, कंबर: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास नेहमीसारखा सोडून, पोट आत न ओढता (सगळे ओढतात). कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी हा साधा नियम, म्हणजे उंची १६० सेंटिमीटर असेल तर कंबर ८० च्या आत. दोन, खुर्ची: हात छातीवर घडी करून अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा जमतं. तीन, दोन मजले जिना चढून गेल्यावर पूर्ण वाक्य बोलता येतं का. वजनही घ्या हवं तर, पण ते चौथं.

ह्यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट व्यायामाच्या खात्यातली, महिन्याभरात बदलणारी. कंबर आणि वजन खाण्याच्या खात्यातलं.

पायरी ३: जवळचं कारण शोधा

"हेल्दी राहायचंय", "फिट व्हायचंय" ही कारणं ऐकायला छान आहेत पण पावसाळी पहाटे ती माणसाला उठवत नाहीत. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन ह्या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर काही दशकं काम केलं, त्यांच्या म्हणण्याचं सार असं की माणूस एखादी गोष्ट टिकवतो ती तीन गोष्टी मिळाल्या तर: ती आपण स्वतः निवडली आहे असं वाटणं, ती आपल्याला जमते आहे असं वाटणं आणि कोणाशी तरी नातं वाटणं. आता बघा, बायकोने/नवऱ्याने टोचून पाठवलेला, पहिल्याच दिवशी दमून हरलेला आणि एकटा पडलेला माणूस ह्या तिन्हीत नापास. तो सोडणारच.

म्हणून कागद घ्या आणि असं कारण लिहा ज्यात एखादी क्रिया आहे. जमिनीवरून हात न टेकता उठता आलं पाहिजे. म्हाताऱ्या आईला पलंगावर उचलून बसवताना माझीच पाठ जाऊ नये. मुलीबरोबर डोंगर चढताना "तू हो पुढे" म्हणायला लागू नये. दुपारी चार वाजता डोकं टेबलावर पडू नये. असं काही. दहा लिहा, त्यातलं जे वाचताना जरा टोचतं ते ठेवा. ह्याची दर दोन-तीन महिन्यांनी झडती घ्यायची कारण कारणं शिळी होतात, एक साध्य झालं की दुसरं शोधावं लागतं, त्यात काही गैर नाही.

रिपोर्टची भीती हे पण कारण चालतं का? चालतं, पण थोडे दिवस. शुगर बॉर्डरवर आली की माणूस पंधरा दिवस एकदम शहाण्यासारखा वागतो आणि मग भीती ओसरते आणि ये रे माझ्या मागल्या. भीतीचा उपयोग सुरुवात करायला करून घ्या आणि ती ओसरायच्या आत दुसरं कारण तयार ठेवा. तसंच लग्नातले फोटो, जुनी पँट, कोणाचा तरी टोमणा. सुरुवातीला ढकलायला ठीक, वर्षभर ओढायला कुचकामी.

पायरी ४: सकाळचे अडथळे एकेक करून काढा

इथे जरा थांबून बारीक बघायला हवं कारण मोटिव्हेशन संपतं ते इथे. साडेपाचचा अलार्म वाजतो. माणूस उठून बसतो. बूट कुठे आहेत? कपाटावर, पिशवीत. स्टूल आणायचं तर आवाज होणार, घरचे उठणार. मोजे? एक सापडला. टी-शर्ट वाळत घातलेला, अजून ओलसर. फोन चार्जिंगला लावायचा राहिलाय, हेडफोनची बॅटरी पण गेलेली. बाहेर जायचं का छतावर? चालायचं का स्ट्रेचिंग? किती वेळ? ह्या सगळ्याचा निर्णय अर्धवट झोपेतलं डोकं घेणार, आणि ते एकच निर्णय घेतं, उद्यापासून. म्हणजे व्यायामाचा कंटाळा येण्याइतका व्यायाम अजून सुरूच झालेला नाही.

ह्यावर उपाय आदल्या रात्रीचा. बूट, मोजे, कपडे दाराशी, एका जागी, रोज त्याच जागी. काय करायचं ते आधी ठरलेलं. पाण्याची बाटली भरलेली. काही लोक व्यायामाच्या कपड्यांतच झोपतात, हसू नका, चालतं.

दुसरा उपाय "जर-तर" वाक्याचा. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ह्यावर बरंच काम केलंय, त्याचा गाभा इतकाच की "मी व्यायाम करणार" ह्या संकल्पापेक्षा "सकाळी दात घासून झाले की मी बूट घालणार" असं वेळ आणि जागा बांधलेलं वाक्य कितीतरी जास्त वेळा प्रत्यक्षात येतं. अडचणीचंही तसंच वाक्य करायचं: "पाऊस असला तर घरातल्या घरात दहा मिनिटं", "ऑफिसातून उशीर झाला तर जेवण झाल्यावर दहा मिनिटं फेरी". वेळ कुठलीही चालते, पहाट म्हणजेच पुण्य असं काही नसतं, ज्यांची रात्री झोपायची वेळच एक आहे त्यांनी पाचला उठायच्या फंदात पडू नये.

तिसरं, आवडीची गोष्ट व्यायामाला बांधून टाका. कॅथरीन मिल्कमन ह्या संशोधिकेने असा प्रयोग केला होता, लोकांना रंगतदार ऑडिओबुक्स फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी सोय केली, तर सुरुवातीचे काही आठवडे त्यांचं जिमला जाणं वाढलं. नंतर मध्ये सुट्टी आली आणि परिणाम विरला, तोही भाग सांगायला हवा. पण सुरुवातीचे आठवडेच तर अवघड असतात! आवडता पॉडकास्ट, मालिका, जुनी गाणी, जे काय असेल ते चालतानाच ऐकायचं, एरवी नाही.

आणि माणूस. एक तरी माणूस. मित्र, शेजारीण, बहीण, लांब राहत असेल तर फोनवर बोलत दोघांनी आपापल्या गावात चाला. स्वतःला दिलेला शब्द मोडायला काही वाटत नाही, खाली येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ताटकळत ठेवायला वाटतं. फक्त तो जोडीदार आपल्यापेक्षा दहा पट फिट नको, नाहीतर रोज त्याची पाठ बघत चालावं लागतं.

पायरी ५: नेमकं काय करायचं, आठवड्यांच्या हिशोबाने

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसांसाठी अशी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटं सलग हवीत असं म्हणत, ती अट त्यांनी आता काढून टाकलीय, पाच-पाच मिनिटंही जमेत धरतात. मध्यम जोर म्हणजे काय तर चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये. कुठलंही घड्याळ लागत नाही.

पण हे शिखर आहे, पहिल्या सोमवारी तिथे उडी मारायची नाही.

पहिले दोन आठवडे: रोज दहा मिनिटं चालणं. बस्स. तुम्हाला वाटेल एवढ्याने काय होतंय, आणि जोर आला म्हणून पाऊण तास चालावंसं वाटेल, तरी थांबा. ह्या पंधरवड्यात कमवायची आहे ती वेळ, ती जागा, ती सवय. "अजून चाललो असतो" असं वाटत घरी येणं हे उद्या परत जायचं सगळ्यात चांगलं कारण आहे.

तिसरा-चौथा आठवडा: चालणं वीस मिनिटांवर, त्यात मध्ये मध्ये एक-एक मिनिट झपाझप. आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे चार व्यायाम. ह्यातला खुर्चीचा सगळ्यात महत्त्वाचा, तो नीट सांगतो. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, चाकांची नको. तिच्या पुढे पाठ करून उभं राहा, पाय खांद्यांइतके लांब, पंजे किंचित बाहेर. आता आधी कंबर मागे न्यायची, जशी काही मागे खुर्ची आहे की नाही ते कुल्ल्यांनी चाचपतोय, मग गुडघे वाकवायचे. तीन आकडे मोजत खाली. बूड खुर्चीला टेकलं न टेकलं की टाचांवर जोर देऊन उभं. गुडघे एकमेकांकडे आत झुकतायत का बघा, झुकत असतील तर बाहेर ढकला. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया, कारण सावकाश खाली जाण्यातच स्नायूंना काम पडतं. आठ वेळा करा, मिनिटभर थांबा, परत आठ. फार अवघड गेलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, फार सोपं गेलं तर हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या.

बाकीचे तीन: भिंतीवर हात टेकवून पुश-अप, जड पिशवी किंवा रबर बँड कोपर मागे नेत ओढणं, आणि कठड्याला धरून टाचा उचलणं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, दोन-तीन दिवस राहील, ते ठीक. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, सूज आली तर ते ठीक नाही, तो व्यायाम थांबवून दाखवून घ्या.

पाचव्या आठवड्यापासून हळूहळू चालणं तीस मिनिटांवर, आठवड्यातून पाच दिवस, झाले दीडशे. ताकदीच्या व्यायामात दर दोन आठवड्यांनी थोडं वजन वाढवा किंवा आठ वेळांचे दहा वेळा करा. चालणं आवडत नसेल तर पोहा, सायकल चालवा, नाचा, बॅडमिंटन खेळा, गुडघे फार कुरकुरत असतील तर पोहणं आणि सायकल उत्तम. जिमची मेंबरशिप घेतलीच पाहिजे असं नाही, पण काहींना पैसे भरले की जावंसं वाटतं, तसा स्वभाव असेल तर घ्या, वर्षाची मात्र आधीच भरू नका.

ताकदीच्या व्यायामावर मी एवढा भर का देतोय? कारण ह्या वयात लोक फक्त चालतात, आणि स्नायू मात्र गळतच राहतात. "आता काय उपयोग" वाटत असेल तर १९९० चा मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ऐका. वृद्धाश्रमातली नव्वदीच्या आसपासची माणसं, आठ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम, आणि पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. लोक थोडेच होते, पण नव्वदीत स्नायू ऐकतात तर पन्नाशीत का ऐकणार नाहीत! एक खुलासा पण करतो, "मसल वाढवा, झोपेत चरबी जळेल" ही जाहिरात खोटी आहे, एक किलो स्नायू आराम करताना दिवसाला जेमतेम तेरा कॅलरी खर्च करतो. स्नायू हवेत ते उठायला, चढायला, न पडायला आणि शुगर वापरायला.

दहा हजार पावलांचं भूत पण उतरवून टाका. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून आला, कुठल्याही डॉक्टरने संशोधन करून ठरवलेला नाही. २०१९ मध्ये सरासरी बहात्तर वर्षांच्या बायकांवरचा एक अमेरिकन अभ्यास आला, त्यात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. सध्या तीन हजार चालत असाल तर पुढचं टार्गेट चार हजार ठेवा.

व्यायाम सोडून उरलेल्या तेवीस तासांचंही बघा. १९५३ मध्ये जेरी मॉरिस ह्यांनी लंडनच्या डबल डेकर बसवरच्या लोकांचा अभ्यास केला, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. त्यातला कोणी जिमला जात असेल असं वाटत नाही. फोन आला की उभं राहून बोला, एक स्टॉप आधी उतरा, तासातून एकदा खुर्ची सोडा.

पायरी ६: आता वजनाचं खातं, म्हणजे खाणं

हे व्यायामाबरोबर एकाच दिवशी सुरू करू नका. पहिले तीन-चार आठवडे व्यायाम बसू द्या, मग खाण्याला हात लावा. दोन्ही आघाड्या एकदम उघडल्या की दोन्हीकडे हार होते, हे माझं ठाम मत आहे, कोणाला दोन्ही एकदम जमत असेल तर उत्तमच.

टार्गेट छोटं ठेवा. अमेरिकेत डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, त्यात डायबिटीसच्या उंबरठ्यावरचे तीन हजारांवर लोक होते, सरासरी वय ५१. एका गटाला टार्गेट दिलं होतं वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. जवळपास तीन वर्षांत त्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं, साठीपुढच्यांमध्ये तर ७१ टक्क्यांनी. म्हणजे ८० किलोच्या माणसाला साडेपाच-सहा किलो पुरतात, कॉलेजमधलं वजन परत आणायची गरज नाही.

आठवड्याला अर्धा किलोपर्यंत वेग पुरे. त्यासाठी रोज साधारण तीनशे ते पाचशे कॅलरी कमी जायला हव्यात आणि त्या शोधायला आठवडाभर फक्त लिहा, काहीही न बदलता, तोंडात गेलेलं सगळं, चव बघायला घेतलेलं पण. बहुतेकांचं घबाड तिथेच सापडतं: गोड पेयं, दारू, संध्याकाळी भुकेल्या पोटी पाकिटातून खाल्लेलं, मुलांच्या ताटात उरलेलं, रात्री टीव्हीसमोरचं. त्यातल्या एका गोष्टीला कात्री लावा, दोन आठवडे टिकली की दुसरी. आवडीचं सगळं कायमचं बंद असली भीष्मप्रतिज्ञा करू नका.

प्रत्येक जेवणात प्रोटीनची एक ठळक गोष्ट असू द्या, डाळी, कडधान्यं, दही, अंडी, मासे, चिकन, जे खात असाल ते. मध्यम वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ग्रॅम किंवा थोडं जास्त असा अंदाज धरा, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारूनच. प्रोटीनने पोट भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू वाचतात.

झोपेचा मुद्दा पण ह्याच खात्यात. २०१० मधल्या एका छोट्या प्रयोगात जास्त वजनाच्या मध्यमवयीन लोकांना तेच मोजून-मापून कमी खाणं दिलं, एकदा साडेआठ तास झोपायची मुभा देऊन आणि एकदा साडेपाच तासच देऊन. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी ५५ टक्क्यांनी कमी गेली आणि स्नायू जास्त गेले. जास्तीची भूक लागली ती वेगळीच. तेव्हा पहाटेच्या वॉकसाठी झोपेचा बळी देऊ नका. रात्री मोठ्याने घोरणं, श्वास अडकून जाग येणं, दिवसा पेंगणं असं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करा, ह्या वयात तो बऱ्याच जणांना असतो आणि कळत नाही.

वजन कमी करायची नवीन इंजेक्शनं हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहेत. ती कामाची आहेत, लबाडी वगैरे काही नाही, पण डॉक्टरच्या देखरेखीतच, आणि ती घेताना भूक मरते म्हणून प्रोटीन आणि ताकदीचा व्यायाम उलट जास्त सांभाळावा लागतो.

पायरी ७: वहीत काय लिहायचं

डाव्या पानावर व्यायाम, उजव्या पानावर वजन. डावीकडे रोज एक टिक आणि तीन शब्द: झोप कशी, मूड कसा, जिना कसा. चालून आल्याआल्या लिहायचं, कारण तेव्हा जे बरं वाटतंय ते उद्या पहाटे आठवत नाही, वाचता मात्र येतं. उजवीकडे वजन, आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज बघायची सवय असेल तर आठवड्याची सरासरी काढा आणि फक्त सरासऱ्यांची तुलना करा. कंबर महिन्यातून एकदा. काटा बघून दिवस खराब जाणारे असाल तर तो काटा माळ्यावर टाका आणि कंबरेवर भागवा, काही बिघडत नाही.

पायरी ८: खंड पडेल तेव्हा

पडणारच. परीक्षा मुलांच्या असतात आणि जागरण आपल्याला, आई-वडील आजारी पडतात, ऑफिसचं वर्षअखेर येतं. "एकवीस दिवसांत सवय लागते" हे विसरा, २०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीचं विशेष नुकसान होत नाही.

म्हणून दोन नियम आधीच ठरवून ठेवा. एक, खराब दिवसाची किमान मात्रा: पाच मिनिटं चालणं किंवा आठ वेळा खुर्ची, एवढंच, पण त्या दिवशीही टिक करायची. दोन, सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत, तिसऱ्या दिवशी मनाची समजूत घालणं फार जड जातं.

काही महिन्यांनी वजन अडकतं, ते वेगळं प्रकरण आहे. शरीर लहान झालं की त्याला लागणाऱ्या कॅलरीही कमी होतात, त्यामुळे पूर्वी पुरणारी कपात आता पुरत नाही. चार-पाच आठवडे सरासरी अजिबात हलली नाही तर परत आठवडाभर सगळं लिहून काढा, बहुतेक वेळा चमचे मोठे झालेले असतात. तरीही काही सापडलं नाही तर दोन-तीन महिने आहे तिथेच वजन सांभाळणं हे सुद्धा कामच आहे, डावं पान चालू ठेवा.

आजारपणाने किंवा प्रवासाने दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला तर जिथे सोडलं होतं तिथून उचलू नका, निम्म्यावरून सुरू करा: तीस मिनिटं चालत होतात तर पंधरा, दहा वेळा खुर्ची तर पाच. ताप येऊन गेला असेल तर तो पूर्ण उतरून अंगात तरतरी आल्यावरच, आणि पहिला दिवस सोमवारच पाहिजे, एक तारीखच पाहिजे असं काही नाही, बुधवारी संध्याकाळी पण बूट घालता येतात.